जनुकं तीच, चेहरा तोच, मग ताईचं आणि माझं म्हातारपण इतकं वेगळं का?

प्रश्न : बारा मिनिटांनी धाकटी

नमस्कार मंडळी. मी ६८ वर्षांची, गणिताची निवृत्त शिक्षिका. मला जुळी बहीण आहे. ती माझ्याआधी बारा मिनिटं जन्मली, म्हणून जन्मभर मी तिला ताई म्हणत आले. आम्ही एकबीज जुळ्या. शाळेत बाई आमच्या रिबिनीच्या रंगावरून आम्हाला ओळखायच्या.

आता रिबिनीची गरज उरली नाही. मी तीन जिने न थांबता चढते. ताईला खुर्चीतून उठायला दोन्ही हातांचा आधार लागतो आणि उठल्यावर क्षणभर तशीच उभी राहते, आता कुठे जायचं होतं ते आठवत.

दीड वर्षापासून तिचं विसरणं वाढलंय. आमचा लहानपणापासून फोनवरचा एक खेळ आहे. एकीने आकडा सांगायचा, दुसरीने त्याचा वर्ग. ताई नेहमी माझ्या पुढे असायची. परवा मी "सतरा" म्हटलं, तर ती गप्प. मग म्हणाली, "सतराचं काय?" उत्तर विसरली असती तर मला काही वाटलं नसतं. ती खेळच विसरली होती.

आयुष्य मात्र आमचं सारखं गेलं नाही. मी तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. ती हिशेबनीस, दिवसभर टेबलाशी. सत्तावन्नाव्या वर्षी पडून तिचा घोटा मोडला, प्लास्टर निघालं, पण चालणं परत सुरू झालंच नाही. आठ वर्षांपासून ऐकू कमी येतं, कानाचं मशीन लावायला तयार नाही. बीपीच्या गोळ्या घेते, पण आठवेल तेव्हा.

भाचा परवा म्हणाला, "मावशी, हे आईच्या जीन्समध्येच आहे. म्हणजे तुझ्यातही असणार." तो प्रेमानेच म्हणाला, माझ्या काळजीने. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यात भर म्हणजे माझ्या मुलाने हौसेने माझ्या लाळेची जनुकीय चाचणी करवली. रिपोर्ट आलाय. अल्झायमरचा भाग वेगळा कुलूपबंद असतो, "मला हे जाणून घ्यायचं आहे" असं मुद्दाम दाबल्याशिवाय तो उघडत नाही. मी अजून दाबलेलं नाही. माझा रिपोर्ट म्हणजे ताईचाही रिपोर्ट, आणि तिला मी विचारलेलं नाही.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. जनुकं एकच असतील तर हा फरक कुठून आला? ताई ही माझी उद्याची तारीख आहे का, आणि तसं असेल तर माझ्या रोजच्या चालण्याचा काही उपयोग आहे का? आणि ते कुलूप उघडू का?

प्रतिसाद १ : खुर्चीवरून उठा

बाई, (शिक्षिका आहात म्हणून बाईच म्हणतो) मी पंचवीस वर्षं फिजिओथेरपी करतोय, त्यामुळे तुमच्या लिहिण्यात माझं लक्ष सगळ्यात आधी त्या मोडलेल्या घोट्याकडे गेलं.

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या मंडळींनी अगदी तुमच्यासारख्या बहिणींवर काम केलंय. ३२४ जुळ्या बायका, सुरुवातीला वय ४३ ते ७३. त्यांच्या पायांची ताकद मोजली, विचारशक्तीच्या चाचण्या घेतल्या आणि दहा वर्षांनी त्या चाचण्या पुन्हा घेतल्या. जिच्या पायांत सुरुवातीला जोर जास्त, तिची बुद्धी दहा वर्षांत कमी घसरली होती, आणि जोडीतल्या दोन बहिणींची आपसात तुलना केली तरी साधारण हेच चित्र दिसलं. एकत्र वाढलेल्या, सारख्या जनुकांच्या बायकांत हा फरक राहतो, म्हणजे तो सगळा जन्मावर ढकलता येत नाही.

यात एक गोम आहे, ती लपवत नाही. कधीकधी उलटंही असतं. मेंदूची झीज आधीच हळूहळू सुरू झालेली असते आणि माणूस त्यामुळे चालणं कमी करतो. त्यामुळे "घोटा मोडला म्हणून विसरायला लागल्या" असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पण पाय सुधारतात, हे मात्र मी छातीठोकपणे सांगतो. १९९४ साली बॉस्टनमधल्या एका वृद्धनिवासात १०० जणांवर प्रयोग झाला, सरासरी वय ८७. ज्यांनी दहा आठवडे पायांसाठी वजनांचा व्यायाम केला, त्यांची स्नायूंची ताकद दुपटीहून जास्त झाली. सत्त्याऐंशीव्या वर्षी! तुमच्या ताई तर त्यांच्यापुढे तरुण आहेत.

आणि अजून एक, हे सगळ्यात आधी करा. विसरणं म्हणजे अल्झायमरच, असं गृहीत धरू नका. बी-१२ कमी, थायरॉइड मंद, मनाची उदासी, काही गोळ्यांचे परिणाम, यांनीही असंच विसरायला होतं आणि त्यांवर उपाय आहेत. रक्त तपासा, कान तपासा. ज्याला प्रश्नच नीट ऐकू आला नाही, तो "विसरला" असं घरचे समजतात, हे मी कितीदा पाहिलंय.

प्रतिसाद २ : पेशी आणि मी

मी महाविद्यालयात आनुवंशशास्त्र शिकवते. तुमच्या भाच्याचं वाक्य अर्धं बरोबर आहे, म्हणूनच ते जास्त टोचतं. त्यामुळे आधी त्याची बाजू मांडते.

१९९७ मध्ये स्वीडनमधल्या ऐंशी ओलांडलेल्या जुळ्यांच्या २४० जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या वयातही लोकांच्या सर्वसाधारण बौद्धिक क्षमतेतल्या फरकांपैकी ६२ टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता आला. खूप लोकांना वाटतं की वय वाढतं तसा अनुभव जनुकांवर मात करतो. तसं दिसलं नाही. मुठीची पकड आणि फुप्फुसांचा जोर यांतल्या फरकांचाही साधारण निम्मा भाग जनुकांकडे जातो. अल्झायमरचा आकडा तर त्याहून मोठा आहे. स्वीडनच्याच जुळ्यांच्या नोंदींवरून २००६ साली तो ५८ ते ७९ टक्के असा काढला गेला.

आता या टक्क्यांचा अर्थ. तुम्ही गणिताच्या, तुम्हाला हे लगेच पटेल. एका आयताच्या क्षेत्रफळात लांबीचा वाटा किती टक्के आणि रुंदीचा किती? प्रश्नालाच अर्थ नाही. पण शंभर आयत ठेवले आणि सगळ्यांची रुंदी जवळपास सारखी असली, तर त्यांच्या क्षेत्रफळांतला फरक जवळजवळ सगळा लांबीमुळे येणार. ६२ टक्के हा आकडा अशा शंभर आयतांमधल्या फरकाचा आहे. तुमच्या ताईंच्या मेंदूचा ६२ टक्के भाग जनुकांनी बांधला, असं त्यातून निघत नाही. आणि तुम्हा दोघींत तर लांबी एकच आहे. जो काही फरक पडलाय, तो सगळा रुंदीतून आलाय.

ही रुंदी म्हणजे नेमकं काय, ते मोजायचा मला सगळ्यात आवडणारा प्रयत्न स्कॉटलंडचा. १ जून १९३२ या एका दिवशी तिथल्या १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांची बुद्धिचाचणी शाळाशाळांतून घेतली गेली, ८७ हजारांहून जास्त मुलं. १९४७ मध्ये १९३६ च्या मुलांची तशीच चाचणी झाली. ते कागद दशकानुदशकं पडून होते. एडिनबरोच्या इयन डिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतली माणसं म्हातारपणी शोधून काढली आणि त्यांना तीच चाचणी पुन्हा दिली. अकराव्या वर्षीचे गुण हातात असल्यामुळे कोण मुळातच हुशार होतं आणि कोण पुढे टिकलं, हे वेगळं करता आलं. दुसऱ्या कुणाकडे असा जुना कागद क्वचितच असतो.

त्यातून २०१२ मध्ये १,९४० जणांच्या डीएनएवरून हिशेब मांडला गेला. लहानपण ते म्हातारपण या प्रवासात बुद्धीत जो *बदल* होतो, त्यातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा सुमारे २४ टक्के भाग जनुकीय निघाला, आणि तोही ढोबळ अंदाज. म्हणजे कोण कुठल्या पायरीवर उभा आहे यात जनुकांचा हात मोठा, पण त्या पायरीवरून कोण किती खाली येतो यात बराच लहान.

त्याआधी २००६ मध्ये याच मंडळींनी १९२१ च्या गटातल्या ४६० जणांची ७९ व्या वर्षी तीन साध्या गोष्टींत तपासणी केली होती. सहा मीटर चालायला किती वेळ लागतो, मुठीची पकड किती, फुप्फुसांत जोर किती. बालपणीची बुद्धी वजा केल्यावरही या तंदुरुस्तीने म्हातारपणीच्या बुद्धीतल्या फरकाचा तीन टक्क्यांहून थोडा जास्त भाग उचलला. तीन टक्के ऐकायला कमी वाटतात. पण या विषयात एकटी एक गोष्ट इतका भार उचलते, हे क्वचित घडतं.

तुमच्या कुलूपबंद पानात बहुधा एपीओई नावाचं जनुक आहे. एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं, चरबी आणि कोलेस्टेरॉल वाहून नेणारं प्रथिन बनवतं, मेंदूतही. त्याची तीन रूपं : ई-२, ई-३, ई-४. ई-४ चा अल्झायमरशी संबंध १९९३ मध्ये उघड झाला. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण चारांतल्या एकाकडे ई-४ ची निदान एक प्रत असते. एका प्रतीने धोका दोन-तीन पट होतो, दोन प्रतींनी आठ ते बारा पट. तरी पुष्कळ ई-४ वाले शेवटपर्यंत शाबूत राहतात आणि ई-४ नसलेल्यांनाही अल्झायमर होतो. कोलंबियातल्या एका बाईंकडे तर याहून कितीतरी भयंकर जनुकदोष होता. त्या कुटुंबात चाळिशीतच विस्मरण सुरू होतं, पण त्या सत्तरीपर्यंत बऱ्यापैकी राहिल्या. २०१९ मध्ये कारण सापडलं असं दिसतं : एपीओईचाच एक दुर्मीळ बदल, दोन्ही प्रतींत. एक जनुक दुसऱ्याच्या वाटेत उभं राहिलं होतं.

फिनलंडच्या 'फिंगर' अभ्यासात ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी अर्ध्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असं एकत्र दिलं. त्यांची बुद्धी इतरांपेक्षा बरी राहिली, आणि ई-४ असलेल्यांनाही फायदा झाला. तुमच्या चालण्याच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हे.

प्रतिसाद ३ : उघडून बसलेला

वय ७१. मी ते कुलूप उघडलं होतं. एक ई-३, एक ई-४.

तीन आठवडे मी प्रत्येक विसरलेली किल्ली, प्रत्येक न आठवलेलं नाव पुरावा म्हणून धरत होतो. आधीही विसरत होतोच, तेव्हा मोजत नव्हतो. नंतर वाचनात आलं की २०१४ साली अमेरिकेत हेच तपासलं गेलं होतं. ई-४ असलेले वृद्ध दोन प्रकारचे, एकांना स्वतःचं ई-४ माहीत, दुसऱ्यांना नाही. ज्यांना माहीत होतं, त्यांनी स्मरणाच्या चाचणीत न कळलेल्यांपेक्षा वाईट गुण मिळवले. जनुक दोघांचं सारखंच.

व्यायामाचंही तसंच निघालं. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही लोकांना "तुमच्या जनुकामुळे तुमचा दम कमी पडतो" असं सांगितलं, खरं जनुक काहीही असो. तसं ऐकलेले लोक पुढच्या वेळी ट्रेडमिलवर लवकर थांबले, आणि त्यांच्या फुप्फुसांच्या मोजमापातही घट दिसली. मला हे वाचून हायसं वाटलं आणि रागही आला.

सगळ्यांनाच असा त्रास होतो असं नाही. समुपदेशनासह सांगितलं तर बहुतेकांना फार मोठा धक्का बसत नाही, असंही अभ्यासांत दिसलंय. मला कुणी समजावून सांगायला नव्हतं, रात्री अकरा वाजता एकटाच बसून उघडलं. तसं करू नका. जेम्स वॉटसन, डीएनएच्या रचनेच्या शोधातले, त्यांनी २००७ मध्ये स्वतःचं सगळं जनुकीय लिखाण जगासमोर मांडलं, आणि एपीओईचा भाग तेवढा झाकून ठेवायला सांगितला. आजीला हा आजार होता म्हणून.

माझा खरा पश्चात्ताप वेगळा आहे. मी धाकट्या भावाला उत्साहाने निकाल सांगितला. तो वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाही. "मी विचारलं होतं का तुला?" एवढंच म्हणाला. आणि भावाभावांत तर जनुकं निम्मीच सारखी. तुमच्यात सगळीच सारखी आहेत. ताईंना विचारा, आणि त्या स्वतः उत्तर देऊ शकतात तोवर विचारा.

बारा मिनिटांनी धाकटी

सगळ्यांचे मनापासून आभार. आयताचं उदाहरण वाचून मी वहीच काढली. एक शंका राहिली. असं म्हणतात की काहींच्या शरीराला व्यायाम लागूच पडत नाही आणि तेही जनुकांत असतं. ताई त्यातली असली तर? तिला उगाच दमवायचं का?

पेशी आणि मी

हे म्हणणं 'हेरिटेज' नावाच्या अभ्यासातून आलंय. क्लोद बुशार आणि सहकाऱ्यांनी कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन वीस आठवडे एकच व्यायाम करवला. १९९९ च्या त्यांच्या लेखात ९८ कुटुंबांतले ४८१ जण होते. काहींची प्राणवायू वापरण्याची क्षमता मिनिटाला एका लिटरहून जास्त वाढली, काहींची जवळजवळ तिथेच राहिली, आणि या फरकाचा सुमारे ४७ टक्के भाग कुटुंबागणिक होता. खरं आहे ते. पण तिथेसुद्धा मोजली गेली ती एकच गोष्ट. दम वाढला नाही तरी स्नायू, तोल, रक्तदाब, झोप यांना फायदा होऊ शकतो.

आणि तुमच्या शंकेचं उत्तर तुमच्या घरातच आहे. एकबीज जुळ्यांना एकाच पद्धतीने व्यायाम दिला, तेव्हा जोडीतल्या दोघांची सुधारणा एकमेकांच्या जवळची निघाली. तीन जिने न थांबता चढणारं शरीर ज्या जनुकांवर चाललंय, तीच जनुकं ताईंकडे आहेत. तुम्ही त्यांच्याकडे बघून स्वतःचं भविष्य शोधताय. मी तुमच्याकडे बघून त्यांची शक्यता बघते. पायांपुरतं तरी हे मी पूर्ण खात्रीने म्हणते. गेलेलं स्मरण तसंच परत येईल, असं वचन मात्र कुणी देऊ नये.

एक भर घालते. जुळ्यांची जनुकाक्षरं एक असली तरी त्यांवरच्या रासायनिक खुणा वयाबरोबर वेगळ्या होत जातात. कुठलं जनुक किती बोलेल, ते या खुणा ठरवतात. स्पेनमध्ये २००५ साली ३ ते ७४ वयाच्या ४० जोड्या तपासल्या, तेव्हा लहान जुळ्यांत हा फरक जवळपास नव्हता आणि वयस्कांत, विशेषतः ज्यांचं आयुष्य वेगवेगळं गेलं त्यांच्यात, ठळक होता. तुमच्या तीस वर्षांच्या फळ्याने आणि त्यांच्या टेबलाने तिथेही काही लिहून ठेवलं असेल.

खुर्चीवरून उठा

मी व्यवहाराचं सांगतो. पाठ सरळ असलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तुम्ही शेजारी उभ्या राहा. हात छातीवर घडी, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. जमत नसेल तर हात टेकून, पण मग तसं लिहून ठेवा. दिवसाआड करा. चक्कर आली, छातीत दुखलं किंवा घोटा ठणकला की थांबा, आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. कान आणि रक्तदाब विसरू नका. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडलेत, त्यांत ऐकू न येणं, चढलेला रक्तदाब आणि बसून राहणं हे तिन्ही आहेत.

बारा मिनिटांनी धाकटी

सात आठवड्यांनी लिहितेय, कारण सांगण्यासारखं आता कुठे झालं.

ताईचं बी-१२ खूप कमी निघालं, इंजेक्शनं सुरू आहेत. कानाचं मशीन लागलं. पहिल्या दिवशी तिने ते तीनदा काढून ठेवलं, आता सकाळी स्वतः मागते. प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं थोडं कमी झालंय, पण थांबलेलं नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांनी चाचण्या परत करायला सांगितल्यात आणि मी त्या तारखेपर्यंत काही ठरवून टाकणार नाही.

रिपोर्टचं तिला विचारलं. समजावून सांगितलं की माझा निकाल तो तिचाही. ती म्हणाली, "तुला बघायचं तर बघ. मला सांगू नकोस." मला भीती वाटली की तिला प्रश्न नीट कळला नसेल. म्हणून चार दिवसांनी, आधीचं न आठवून देता, पुन्हा विचारलं. शब्दाला शब्द तेच उत्तर आलं. मला माहीत असलेली गोष्ट ताईपासून लपवून तिच्यासमोर रोज बसणं मला जमणार नाही. मी मुलाला सांगून तो भाग बंदच ठेवलाय.

खुर्चीचं. पहिल्या दिवशी हात टेकून चार. आता हात न टेकता पाच, आणि हात टेकून नऊ. ती उठते तेव्हा मीही शेजारच्या खुर्चीवरून उठते, नाहीतर ती रुसते. आकडे तीच वहीत लिहिते, तारखेसकट, हिशेबनिसाच्या अक्षरात. भाच्याने परवा वही पाहिली आणि काही न बोलता तिसरी खुर्ची ओढून बसला.

फिजिओ दादांना विचारायचं आहे : आता हात न टेकता होणाऱ्या पाचच वाढवायच्या, की हात टेकूनच्याही चालू ठेवायच्या?

खुर्चीवरून उठा

दोन्ही. आधी हात न टेकता जमतील तेवढ्या, त्या संपल्या की लगेच हात टेकून उरलेल्या. खाली बसताना धपकन बसू देऊ नका, तीन आकडे मोजत सावकाश बसवा, पायांना खरं काम तिथेच मिळतं. हात न टेकता पाचाच्या सात झाल्या की कळवा, मग खुर्चीची उंची ठरवू.